पांढऱ्या शाईचा रतीब

बारामती-इंदापूर पट्ट्यात टी-शर्ट छापणाऱ्याचं वर्ष सणांवर आणि स्पर्धांवर चालतं. फेब्रुवारीत शिवजयंती. उन्हाळ्यात गावोगावच्या यात्रा आणि टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा. आषाढात तुकोबांची पालखी बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे मुक्काम करत जाते, तेव्हा दिंड्यांचे आणि पाणी-फराळ वाटणाऱ्या मंडळांचे टी-शर्ट. मग दहीहंडी, गणपती, नवरात्र. थंडीत शाळा-कॉलेजांची गॅदरिंगं, भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडम्यांचे गणवेश. निवडणूक लागली तर तो हंगाम वेगळाच. ऑर्डरीचा साचा मात्र बहुतेक वेळा एकच: नग पंचवीस-तीस, प्रत्येकाच्या पाठीवर वेगळं नाव आणि नंबर, कपडा काळा नाहीतर मरून, आणि माल परवा पाहिजे.

अशा कामाला स्क्रीन प्रिंटिंग परवडत नाही. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन, आणि नावं बदलत गेली की हिशेबच बसत नाही. सब्लिमेशन स्वस्त आणि सोपं आहे, पण ते पांढऱ्या किंवा फिक्या पॉलिस्टरपुरतं. काळ्या कपड्यावर उठत नाही, सुती कपड्यावर टिकत नाही. ही मधली जागा डीटीएफने, म्हणजे डायरेक्ट टू फिल्म छपाईने, भरून काढली. कपडा कुठलाही चालतो, रंग कुठलाही चालतो, आणि एकच नग काढायचा असला तरी निघतो. त्यामुळे घरातल्या फोटो प्रिंटरचं डीटीएफ मशीन करून देणारे कारागीर आता सहज सापडतात, आणि तसं करून दाखवणारे व्हिडिओ तर ढिगाने आहेत.

विचारणाऱ्याला माझा सल्ला असा असतो: आधी हीट प्रेस घ्या, प्रिंटरचं नंतर बघू. त्याचं कारण पांढऱ्या शाईत आहे. पण आधी हे काम चालतं कसं ते समजून घेऊ.

डीटीएफमध्ये छपाई कपड्यावर होत नाही. एका बाजूने लेप दिलेल्या पीईटी फिल्मवर आधी चार रंगांत चित्र उलटं, आरशातल्यासारखं छापलं जातं, आणि त्यावर पांढऱ्या शाईचा थर येतो. शाई ओली असतानाच त्यावर गोंदाची बारीक पावडर टाकतात. जिथे शाई तिथेच ती धरते, बाकीची झटकून टाकायची. मग उष्णतेने पावडर वितळवायची, फिल्म कपड्यावर पालथी ठेवून प्रेस मारायची, शेवटी फिल्म सोलायची. सोलल्यावर पांढरा थर चित्राच्या खाली जातो आणि काळ्या कपड्यावर रंग खुलतात. गोंद, पांढरा, रंग अशी ती खालून वर चळत असते. यातला पांढरा थर बिघडला की बाकी सगळं फुकट.

आता प्रिंटर. या कामाला हेड पिझो पद्धतीचं लागतं. कॅनन आणि एचपीच्या घरगुती इंकजेटमध्ये शाई तापवून, तिचा बुडबुडा करून थेंब फेकला जातो. रंगद्रव्य आणि राळ असलेली डीटीएफची जाड शाई त्या उष्णतेने नोझलमध्येच करपते. एप्सनच्या हेडमध्ये तापवणं नाही. तिथे विजेच्या दाबाने एक बारीक पटल वाकतं आणि थेंब ढकलतं, म्हणून शाई कुठली आहे याची त्याला फारशी फिकीर नसते. घरगुती बदल जवळजवळ सगळे एप्सनवरच दिसतात ते यामुळे.

त्यातही सहा रंगांचं मॉडेल बघायचं. ए३ साठी एल१८०० आणि ए४ साठी एल८०५ ही दोन नावं या धंद्यात रूढ आहेत. दोन्ही मूळचे फोटो प्रिंटर. सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा यांच्या जोडीला लाइट सायन आणि लाइट मॅजेंटा. बदल करताना या शेवटच्या दोन खान्यांत पांढरी शाई जाते. एकाच खान्यातून येणारा पांढरा थर काळ्या कपड्यावर पातळ पडतो, दोन खान्यांतून पुरेसा येतो. चार रंगांच्या प्रिंटरमध्ये पांढऱ्याला जागाच उरत नाही, म्हणून "आमच्याकडे एल३२१० आहे, तो होईल का?" याचं उत्तर "नाही" असंच आहे. तो सब्लिमेशनला लावा; पांढऱ्या जर्सीवर सुरेख काम देईल आणि डोकेदुखी निम्मी.

एल१८०० आणि एल८०५ दोन्ही आता जुनी झाली, बाजारात सेकंडहँडच मिळतात. त्यांच्या जागी एल१८०५० आणि एल८०५० आले आहेत. नव्या मॉडेलवर हात घालण्याआधी तुमचं रिप सॉफ्टवेअर (त्याबद्दल पुढे) ते मॉडेल चालवतं का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. सेकंडहँड घेत असाल तर समोर नोझल चेक काढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. या हेडमध्ये एका रंगाला ९० नोझल असतात. चाचणीच्या नक्षीत एखादी रेघ तुटलेली असेल आणि साफसफाईनंतर भरून येत असेल तर ठीक. पण दर वेळी त्याच ठिकाणी तीच रेघ तुटत असेल, तर ते हेड गेलं समजा. नवं हेड बसवायला निघालात तर आख्खा जुना प्रिंटर घेण्याइतका खर्च होऊ शकतो.

बदलाचं काम फार अवघड नाही. हात चालणारा मोबाइल-रिपेअरवाला दुपारभरात करतो. कागद बाहेर पडतो तिथे वरून दाबणारी दातेरी चाकं असतात. कागदावर त्यांचा त्रास होत नाही, पण फिल्मवर शाई ओलीच असते, ती चाकं तिच्यावरून फिरली की रेघा उमटतात. ती काढायची. पारदर्शक फिल्म कागदाच्या सेन्सरला दिसत नाही, प्रिंटर "कागद नाही" म्हणत बसतो. सेन्सरला वळसा घालतात, किंवा साधा उपाय म्हणजे फिल्मच्या पुढच्या कडेला पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवायची. वाया जाणारी शाई आतल्या पॅडमध्ये जाते. डीटीएफमध्ये साफसफाई इतकी होते की तो पॅड लवकर भरतो आणि प्रिंटर संपावर जातो. त्याची नळी बाहेर काढून बाटलीत सोडा आणि काउंटर रिसेट करण्याची सोय आधीच ठेवा.

यातली एक गोष्ट मात्र दुपारभरात होत नाही. प्रिंटर वापरलेला असेल तर त्यात फोटोची डाय शाई भरलेली असते. ती पूर्ण धुऊन निघेपर्यंत डीटीएफची शाई घालायची नाही. दोन्ही एकत्र आल्या की गुठळ्या होतात आणि डॅम्परमध्ये, म्हणजे हेडवरच्या शाई गाळणाऱ्या कुपीत, अडकतात. टाक्या, नळ्या, डॅम्पर यांतून क्लीनिंग सोल्यूशन स्वच्छ बाहेर येईपर्यंत फिरवा. घाई करणारे इथेच फसतात. नवा प्रिंटर असेल तर सोबत आलेली शाई त्यात ओतूच नका. आणि हे धरून चाला की पहिला स्क्रू सैल केला की वॉरंटी संपली. संगणकावरचं प्रिंटरचं आपोआप होणारं अपडेटही बंद करून टाका.

विंडोजच्या नेहमीच्या ड्रायव्हरला पांढरा रंग ठाऊकच नसतो. त्यासाठी रिप सॉफ्टवेअर लागतं. ते चित्र उलटं करतं, रंग आणि पांढरा वेगळा काढतं, आणि पांढरा थर रंगापेक्षा दोन-तीन पिक्सेल आत ओढतं, म्हणजे कडेने पांढरी किनार दिसत नाही. ॲक्रोरिप आणि कॅडलिंकचं डिजिटल फॅक्टरी ही त्यातली ओळखीची नावं. चोरीच्या प्रती पेनड्राइव्हवर फिरतात. पैसे वाचतात, पण ऐन गणपतीत संगणक बसला तर मंडळाच्या पोरांना काय सांगणार?

आता पांढरी शाई. तिचा पांढरेपणा टायटॅनियम डायऑक्साइडचा. हा पदार्थ पाण्याच्या सुमारे चौपट जड. तो शाईत विरघळत नाही, नुसता तरंगत असतो, आणि संधी मिळाली की खाली बसतो. रात्रभर प्रिंटर बंद राहिला की टाकीच्या तळाशी, नळीच्या वळणात, डॅम्परमध्ये थर धरतो. टाकी हलवून टाकीतली शाई एकजीव होते, नळीतली होत नाही. ती छापूनच पुढे ढकलावी लागते. म्हणून रोज सकाळी पांढऱ्याच्या टाक्या हलवणं, नोझल चेक काढणं आणि सगळ्या रंगांची, विशेषतः पांढऱ्याची, एक जाड पट्टी छापून फेकून देणं हा रतीब चुकवता येत नाही. ऑर्डर असो वा नसो. रविवार असो, अमावस्या असो, घरी लग्न असो.

पांढऱ्याचा नोझल चेक कागदावर दिसत नाही, हेही लक्षात ठेवा. तो फिल्मवर काढायचा आणि काळ्या कपड्यावर धरून बघायचा. दोन-चार रेघा तुटलेल्या दिसल्या की लोक हेड क्लीनिंगचं बटण दाबत सुटतात. एकदा करा, फार तर दोनदा, मग तासभर प्रिंटर तसाच ठेवून पुन्हा बघा. सारखं क्लीनिंग केल्याने शाई आणि पॅड दोन्ही संपतात, आणि कधी कधी हवा ओढली जाऊन चांगल्या रेघाही तुटतात. संध्याकाळी हेड ज्या रबरी टोपीवर जाऊन बसतं तिथे क्लीनिंग सोल्यूशनचे थेंब टाका, पुसणारी पट्टी लिंट न सुटणाऱ्या कापडाने पुसा, आणि प्रिंटर त्याच्या बटणानेच बंद करा. भिंतीवरचं बटण दाबून बंद केला तर हेड टोपीवर बसलंय की नाही याचा भरवसा नाही. साफसफाईला बोअरचं पाणी कधी वापरू नका, त्यातले क्षार नोझलमध्ये बसतात. चार-पाच दिवस गावाला जायचं असेल तर पांढऱ्या खान्यांतली शाई काढून तिथे सोल्यूशन भरून ठेवा.

आता वरच्या वर्षाच्या कॅलेंडरकडे परत बघा. आपल्याकडे काम हंगामी आहे. गणपतीच्या आधी रात्रीचा दिवस, आणि पितृपक्षात शुकशुकाट. मशीन मात्र रोजचं मागतं. ज्याच्याकडे आठवड्यातले निदान चार दिवस काहीतरी छापायला आहे, त्याने प्रिंटर घ्यावा. ज्याच्याकडे नाही, त्याने पुण्यातल्या किंवा सोलापुरातल्या जॉबवर्कवाल्याला फाइल पाठवावी. छापून, पावडर वितळवून तयार झालेली फिल्म गुंडाळी करून पार्सलने येते. कोरड्या, थंड जागी ती काही महिने टिकते. म्हणजे शाळेच्या लोगोंची एक चळत आधीच मागवून ठेवता येते आणि गिऱ्हाईक दारात उभं असताना टी-शर्ट तयार होतो. आपल्याकडे फक्त हीट प्रेस पाहिजे. असे तीन महिने काढा. त्या काळात छापून आणलेल्या फिल्मच्या शीटचे जे पैसे बाहेर गेले ते वहीत लिहा. तो आकडा शाई, फिल्म, पावडर, वाया जाणाऱ्या पट्ट्या आणि तुमचा रोजचा अर्धा तास यांच्या बेरजेपेक्षा सरळ सरळ मोठा दिसला, तरच प्रिंटरचं बोला.

शीट भरायची कला मात्र पहिल्या दिवसापासून शिका. ए३ म्हणजे ४२ बाय २९.७ सेंटीमीटर. छातीवरचा ९ सेंटीमीटरचा लोगो, मध्ये अर्धा सेंटीमीटर जागा सोडली, तर आडवे चार आणि उभे तीन, असे १२ बसतात. पाठीवरची नावं लांबट असतात, त्यांच्या ओळी एकाखाली एक लावल्या की उरलेल्या चिंचोळ्या जागेत बाहीवरचे नंबर बसतात. मोकळ्या सोडलेल्या फिल्मचेही पैसे आपणच भरलेले असतात.

मशीन घेतलंच, तर ते ठेवायचं कुठे हा आपल्या भागातला खरा प्रश्न. पत्र्याच्या शेडमध्ये नाही. मे महिन्यात पत्र्याखाली शाई नोझलच्या तोंडावरच वाळते. हवा फार कोरडी झाली की फिल्मवर स्थिर वीज साचते आणि पावडर कोऱ्या जागेवरही चिकटून बसते. प्रेस मारल्यावर लोगोभोवती गोंदाचे ठिपके उमटतात. खोलीत ४० ते ६० टक्के आर्द्रता असावी, त्यासाठी भिंतीवरचं स्वस्त आर्द्रतामापक लावा. उन्हाळ्यात साधा वॉटर कूलर इथे उपयोगाचा आहे, फक्त त्याचा झोत प्रिंटरवर सोडू नका. पावसाळ्यात उलटं. पावडरच्या गुठळ्या होतात, फिल्मचा लेप ओल धरतो, शाई पसरते. तेव्हा कूलर बंद आणि फिल्म-पावडर सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात.

आणि तिसरी गोष्ट, जी कुठल्याही माहितीपुस्तकात सापडणार नाही: गळीत हंगाम. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, निरा-भीमा, अशा साखर कारखान्यांच्या या मुलखात हिवाळ्यात उसाचं पाचट पेटलं की काजळीचे काळे तुकडे दूरवर उडत येतात आणि ओल्या पांढऱ्यावर अलगद बसतात. पावडर पडल्यावर ते दिसत नाहीत. प्रेस मारून फिल्म सोलल्यावर दिसतात. त्या दिवसांत खिडक्या बंद, प्रिंटरवर झाकण, आणि छपाई चालू असताना झाडू नाही.

विजेचं म्हणाल तर प्रिंटर स्वतः फारच थोडी वीज खातो, त्याला संगणकाचा लहान यूपीएस पुरतो, आणि तो हवाच. छपाईच्या मध्ये लाइट गेली तर फिल्म वाया जाते हे एक. हेड टोपीबाहेर अडकून वाळतं हे जास्त महागाचं. हीट प्रेस मात्र दीड किलोवॅटच्या आसपास खेचते, म्हणजे साडेसहा-सात अँपिअर. तिला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, जाड वायर आणि अर्थिंग द्या. एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका आणि यूपीएसवर तर मुळीच नाही.

पावडर टाकण्याचं काम साध्या ट्रेमध्ये होतं. फिल्म दोन हातांनी धरून पावडर सगळीकडे फिरवायची, मग उभी धरून मागून टिचक्या मारायच्या. धूळ फार बारीक असते. चांगला मास्क लावा, रुमालावर भागवू नका. मग ओव्हनमध्ये साधारण ११० ते १२० अंशांवर दोन-तीन मिनिटं. ओव्हन नसेल तर हीट प्रेसची वरची प्लेट फिल्मला न टेकवता थोडी वर धरूनही काम होतं. घड्याळापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा. पावडर आधी साखरेसारखी रवाळ दिसते, मग कडेने ओलसर, आणि शेवटी सगळी सलग, चमकदार, संत्र्याच्या सालीसारखी किंचित खडबडीत. रवा दिसत असताना काढली तर धुण्यात उचकटते. जास्त तापवली तर पिवळी पडते आणि फिल्म आक्रसते. या वेळी वाफा निघतात, वास घशाला लागतो. ओव्हनशेजारी एक्झॉस्ट पंखा आणि उघडी खिडकी पाहिजे. हे काम स्वयंपाकघरात नको, आणि त्या ओव्हनमध्ये पुन्हा खाण्याचं काही ठेवू नका.

सुती कपड्याला प्रेस १५० ते १६० अंश, १० ते १५ सेकंद, मध्यम दाब. आधी कोऱ्या कपड्यावर चार-पाच सेकंद प्रेस मारून ओल आणि सुरकुत्या घालवा. फिल्म गरम सोलायची की थंड, हे फिल्मवर अवलंबून. गठ्ठ्यावर लिहिलेलं असतं. थंड सोलायची फिल्म गरम असताना ओढली की अक्षराचा कोपरा फिल्मबरोबर वर येतो. सोलल्यावर बटर पेपर ठेवून पुन्हा पाच-दहा सेकंद प्रेस मारा. टिकाऊपणाचा मोठा भाग या दुसऱ्या दाबात आहे आणि घाईत नेमका तोच गाळला जातो. स्वस्त प्रेसची प्लेट मधे एक तापमान दाखवते आणि कोपऱ्यात दुसरंच असतं. इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन पाच ठिकाणी मोजा आणि थंड कोपरा कुठला ते ध्यानात ठेवा.

मरून जर्सीचं वेगळं. आपल्याकडच्या कबड्डी आणि क्रिकेटच्या बहुतेक जर्सी पॉलिस्टरच्या, आणि मरून, लाल, गर्द निळा हे लाडके रंग. पॉलिस्टरचा रंग उष्णतेने वायू होऊन वर येतो. संध्याकाळी पांढरेशुभ्र दिसणारे नंबर सकाळी गुलाबी. गिऱ्हाइकाला वाटतं शाई हलकी वापरली. अशा कपड्याला कमी तापमानावर वितळणारी पावडर घ्या, प्रेस १३० अंशांच्या आसपास ठेवा, किंवा रंग अडवणारी काळी पावडर वापरा. सगळ्यात खात्रीचं म्हणजे त्याच गठ्ठ्यातल्या एका जर्सीवर नमुना मारून एक रात्र जाऊ द्यायची आणि मगच बाकीच्या घ्यायच्या. माल परवा पाहिजे असला तरी.

पाठभर फोटो छापून मागणारे खूप येतात. खेळाच्या जर्सीवर तो देऊ नका असं मी स्पष्ट सांगेन. डीटीएफचा थर हवा जाऊ देत नाही. सलग ए३ चौकोनाखाली घाम साचतो आणि पोरगं दुसऱ्या सामन्याला ती जर्सी घालत नाही. चित्र तोडून, मध्ये कपड्याचा रंग दिसेल अशा फटी ठेवून मांडलं तर तेच चित्र हलकं होतं, शाईही कमी लागते.

मराठी अक्षरांची एक खास अडचण आहे. पावडरला धरायला शाईची पुरेशी रुंदी लागते. एक मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ असेल तर गोंद पुरेसा बसत नाही. इंग्रजी नावात असा भाग क्वचित येतो. आपल्याकडे 'शिंदे', 'कांबळे', 'लोंढे' या नावांतला अनुस्वार हा शिरोरेषेपासून सुटलेला एकटा टिंब. धुण्यात सगळ्यात आधी तोच जातो. रफार, ऋकार, र्‍हस्व उकाराची शेपटी, हेही तसेच. छातीवरच्या लहान नावाला ठळक फॉन्ट घ्या, टिंब थोडा मोठा करा आणि जमलं तर शिरोरेषेला चिकटवा. सुलेखनाचे झुपकेदार फॉन्ट पाठीवर मोठ्या आकारात छान दिसतात, पण त्यांच्या फटकाऱ्यांची टोकं केसासारखी असतात, ती जाड करून घ्या. फाइल पाठवताना अक्षरं कर्व्हमध्ये बदला. जुन्या श्रीलिपी फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की जोडाक्षरांचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. आणि प्रेस मारण्याआधी नावांची यादी मंडळाच्या माणसाकडून वाचून घ्या. छापलेलं नाव परत घेता येत नाही.

चित्र व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून येतं तेव्हा त्याचा जीव गेलेला असतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. पार्श्वभूमी नसलेली पीएनजी, छापायच्या मापात ३०० डीपीआय. महाराजांच्या चित्रामागे भगवी प्रभा, नेत्याच्या फोटोमागे पांढरा उजेड, ही विरत जाणारी कड बॅनरवर चालते, डीटीएफमध्ये चालत नाही. अर्धवट पारदर्शक भागाखालीही पांढरा येतो आणि भगवी प्रभा मळकट पांढरी दिसते. ती कड ठिपक्यांत, म्हणजे हाफटोनमध्ये, बदला नाहीतर धारदार कापा. भगव्याबद्दल तर प्रत्येक मंडळाचं मत वेगळं असतं. पडद्यावर दाखवू नका. सात-आठ छटांची पट्टी काळ्या आणि पांढऱ्या कपड्यावर मारून दुकानात टांगा आणि बोट ठेवायला सांगा.

कोरे टी-शर्ट तिरुपूरहून येतात आणि पुण्यातले ठोकवाले ते ठेवतात. गणवेशासाठी महामार्गावरचं सोलापूर चांगलं. बारामती एमआयडीसीत टेक्सटाइल पार्क असल्याने शिलाई मशीनवर हात बसलेल्या बायका आपल्याकडे आहेत. बचत गटाला ॲप्रन, पिशव्या, शाळेच्या ट्रॅक पँट शिवायला देऊन छपाई आपण करायची, ही जोडी नुसत्या टी-शर्टपेक्षा वर्षभर बरी चालते. पांढऱ्या शाईलाही रोजचं काम मिळतं.

दोनशे टी-शर्टवर एकाच रंगाचा एकच मजकूर असेल तर मात्र ती ऑर्डर स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे वळवा आणि कमिशन घ्या. आणि एखादा पोरगा नामांकित बुटांच्या कंपनीची खूण किंवा आयपीएल संघाचा लोगो छापून मागत असेल तर नाही म्हणा. ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ च्या कलम १०३ खाली खोटी खूण लावणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. "सगळेच छापतात" हे उत्तर तिथे चालत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. कपडा गिऱ्हाइकाचा आणि छपाई तुमची, ही जीएसटीच्या भाषेत सेवा. तिथे नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख रुपये उलाढाल आहे. नुसता माल विकणाऱ्याची ४० लाख. दोन्ही करत असाल तर हिशेबनिसाला आधीच विचारा. कर्जासाठी मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात पाच लाखांपर्यंत मिळतं. पण बँक जीएसटी क्रमांकाच्या विक्रेत्याचं कोटेशन मागते, आणि हाताने बदललेल्या जुन्या प्रिंटरचं तसं कोटेशन सहसा कोणी देत नाही. म्हणून कर्जाच्या अर्जात हीट प्रेस, ओव्हन, यूपीएस, संगणक आणि कोऱ्या मालाची पहिली खेप दाखवा. प्रिंटर नंतर, तीन महिन्यांची वही बघून, स्वतःच्या पैशातून घ्या.